विहिरीवरच्या बाईचे नाव

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. आठ महिने मी तुला पत्र लिहिले नाही, याची मनाला बोचणी आहे. माझी प्रकृती बरी आहे. आज लिहायला बसलो, कारण तुमच्या परसातल्या विहिरीवरची बाई मला अमेरिकेतल्या लुइझियानात आठवली आणि हे तुझ्याखेरीज कोणाला सांगावे ते सुचेना.

मुलाने आम्हाला सेंट फ्रान्सिसव्हिलचा ‘मर्टल्स’ नावाचा जुना वाडा दाखवायला नेले होते. व्हिस्कीवरील कराविरुद्धच्या बंडातून पळालेल्या डेव्हिड ब्रॅडफर्डने तो १७९६ मध्ये, हा मुलूख स्पेनकडे असताना, बांधला. आता लोक तिथे भुतांसाठी मुक्कामाला येतात. वाडा दाखवणाऱ्या बाईंनी क्लोईची गोष्ट अशी सांगितली: ब्रॅडफर्डचा जावई क्लार्क वुड्रफ याने, दाराआडून बोलणे ऐकते म्हणून, क्लोई या गुलाम मुलीचा कान कापला, तिने कण्हेरीची पाने उकळून ते पाणी केकमध्ये घातले, मालकीण आणि दोन मुली दगावल्या, मग इतर गुलामांनीच तिला फासावर चढवून मिसिसिपीत फेकले, आणि कापलेला कान झाकणारा हिरवा फेटा बांधून ती अजून फिरते. ऐकणारे आनंदाने शहारत होते, आणि मला तुझ्या घरच्या ओसरीवर विहिरीवरच्या बाईच्या भुताची गोष्ट ऐकणारे आपण दिसलो.

परतल्यावर मी वाचून काढले. वुड्रफची पत्नी सारा १८२३ मध्ये पिवळ्या तापाने गेली आणि दोन मुले पुढच्या वर्षी गेली. त्यांतला एक मुलगा होता. ऑक्टेव्हिया ही मुलगी मात्र जगली, मोठी झाली. क्लोई नावाची गुलाम तर कागदपत्रांत सापडतच नाही. या वाड्यातला खरोखर नोंदलेला खून विल्यम विंटरचा. १८७१ मध्ये त्याला ओसरीवर गोळी घातली. तोही जिन्याच्या सतराव्या पायरीवर जाऊन मेला, अशी पुस्ती लोकांनी जोडलीच.

वसंता, मला याची चीड येते. तापाने झालेले मृत्यू एका गुलाम मुलीच्या माथी मारले, आणि ज्यांनी तिथे खरोखर आयुष्यभर राबून हाडे झिजवली त्यांचे त्या फेरीत कोणी नावही घेतले नाही. याच नदीकाठच्या ‘व्हिटनी’ मळ्यावर २०१४ पासून संग्रहालय आहे. तिथे गुलामांची नावे दगडी भिंतींवर कोरली आहेत. ती वाचता वाचता मी बराच वेळ उभा होतो.

तेव्हा तुझे भांडण आठवले. विहिरीवरच्या बाईचे नाव काय, असे तू विचारलेस म्हणून नानांनी तुला थोबाडीत मारली, आणि मी हसलो. तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस, माझी पोहण्याची चड्डीसुद्धा परत केली नाहीस. चड्डी ठेव, पण तू बरोबर होतास.

वहिनींच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले का? सुनीलची बदली कुठे झाली, तेही कळव. आणि आक्का अजून नीट बोलतात तोवर त्यांच्याजवळ बस, ती बाई कोण होती, कोणाच्या घरची होती, आणि विहिरीत का गेली, ते विचार. नाव मात्र नक्की लिहून पाठव.

तुझा,
दिनू