तात्या, त्या तपकिरी स्पंजासाठी

ती. तात्या,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण माझे मासे वाचवल्याबद्दल तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. मागच्या खेपेला "बरं बरं, च्या ठेव" म्हणून मला स्वयंपाकघरात पिटाळलंत. दुसरं म्हणजे कोल्हापुरात हल्ली कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या परसात कोई, म्हणजे शोभेचे रंगीत जपानी कार्प मासे, दिसायला लागलेत. त्यांतल्या काहींची रात्र माझ्यासारखीच जात असणार. हौदात मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करतोय, हातात मोबाईल आहे आणि त्यात एका प्रश्नाची बारा उत्तरं आहेत. त्यांच्याही नजरेला हे पडावं.

२०१८ च्या फेब्रुवारीत मी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरामागचा जुना हौद साफ करून घेतला. आठ फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल. आजीच्या काळात त्यात पाणी साठवत, पुढं वीसेक वर्षं नुसत्या फुटक्या कुंड्या पडून होत्या. वडील गेल्यावर आईचा दिवस सरत नव्हता. तिच्या नजरेसमोर काहीतरी हलतं, जिवंत असावं एवढंच माझ्या मनात होतं.

दोन महिने मी फक्त वाचलं आणि व्हिडिओ बघितले. पांढऱ्यावर लाल तो कोहाकू, त्यावर काळे ठिपके आले की सांके, मुळात काळ्या अंगाचा तो शोवा, हे झोपेत विचारलं तरी सांगू शकले असते. जपानच्या निगाता प्रांतात, यामाकोशी आणि ओजियाच्या डोंगराळ भागात भातशेती करणारे लोक खाण्यासाठी कार्प पाळायचे. त्यातूनच १९ व्या शतकाच्या सुरुवातीपासून रंगीत मासे निवडत त्यांनी ही जात घडवली आणि १९१४ च्या टोकियोच्या प्रदर्शनात ती साऱ्या जपानला दिसली. हे वाचून मला फार आपलं वाटलं होतं. भात लावणाऱ्या माणसांनी केलेली गोष्ट आपल्या पन्हाळा-राधानगरीकडच्या माणसालाही जमेल, असं वाटलं. माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट हे फिल्टरमधल्या जिवाणूंचं चक्र तर मी आईला वहीत चित्र काढून समजावलं होतं.

एप्रिलात आठ पिल्लं आणली. मेअखेरीस फिल्टरचा स्पंज चिखलासारखा तपकिरी दिसायला लागला. घाण झाली म्हणून मी तो नळाखाली धरला आणि पिळून पिळून पांढराशुभ्र केला. तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर आले. मी विचारत सुटले. कुणी म्हणालं कल्ल्यात किडे झालेत, कुणी म्हणालं जिवाणूंचा आजार, कुणी म्हणालं प्राणवायू कमी पडतोय. सगळ्यांनी चांगल्या मनानंच सांगितलं होतं, आणि त्यातलं प्रत्येक उत्तर कुठल्यातरी हौदासाठी बरोबरही असेल. मी चार दिवसांत तीन औषधं घातली. पाच मासे गेले.

माशांचं खाद्य जिथं घेते त्या दुकानदारानं तुमचा नंबर दिला. तुम्ही सायकलवरून आलात, चप्पल काढून कठड्यावर बसलात आणि दहा-पंधरा मिनिटं काहीच बोलला नाहीत. मी मात्र वाचलेलं सगळं सांगत होते. मग तुम्ही कोपरापर्यंत हात पाण्यात घातलात, ओंजळभर पाणी नाकाशी नेलंत आणि म्हणालात, "फिल्टर दाव." पांढरा स्पंज बघून विचारलंत, "हे कशानं धुतलंस?" नळाच्या पाण्यानं, म्हणाले. "ह्यातच जीव हुता, पोरी. तूच मारलास बघ त्यो."

तात्या, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं फिल्टरमधले जिवाणू मरतात, हे वाक्य माझ्या वहीत माझ्याच अक्षरात होतं. खाली दोन रेघाही मारल्या होत्या. पण ते 'जिवाणू' म्हणजे माझ्या हातातली ही तपकिरी घाण, हे मला कुठं कळलं होतं! शब्द ओळखीचा होता, वस्तू समोर आल्यावर ओळखता आली नाही. त्या संध्याकाळी मला किती लाज वाटली हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

तुम्ही रागावला नाहीत. रात्री नऊला परत आलात ते बादली घेऊन. तुमच्या फिल्टरच्या पिंपातला मळकट स्पंज आणि कांद्याच्या जाळीदार पोत्यांचे गुंडाळे त्यात होते. दुसऱ्याच्या हौदातली वस्तू आपल्या हौदात घालू नये, आजार येतो, असं मी वाचलेलं सांगितल्यावर म्हणालात, "बरोबर वाचलंयस. पण आजार आला तर पंधरा दिसानं येईल, ही तर उद्या मरतील." मग सगळी औषधं बंद, आठ दिवस खाद्य बंद. निम्मं पाणी बदललं. त्यासाठी नळाचं पाणी पिंपात घेऊन त्यात क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेटचे खडे विरघळवले. आणि जाडं मीठ, हजार लिटरला तीन किलो या हिशेबानं साडेसात किलो, तीन दिवसांत थोडं थोडं घातलं. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही, हे मला माहीत होतं. तुम्हाला ते नाव माहीत नव्हतं, पण मीठ किती आणि किती दिवसांत हे तुमच्या बोटांना पाठ होतं. उरलेले तीनही मासे जगले. मी पुन्हा आठ करायला निघाले तेव्हा तुम्ही अडवलंत. "दोन-दोन फुटाचा हुतो ह्यो मासा. ह्या हौदाला तीनच लई झाली."

पुढचं वर्षभर तुम्ही मला जे शिकवलंत त्यातलं निम्मं लिहून दाखवता येणार नाही. पहाटे पाचला उठवून कठड्यावर बसवलंत. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्रभर तोच खातं, म्हणून पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो उजाडायच्या आधी. माशाची तक्रार त्या वेळी दिसते, दहा वाजता काही कळत नाही. कोण एकटा कोपऱ्यात आहे, कुणाचे पुढचे पर अंगाला चिकटलेत, कोण भिंतीला अंग घासतोय, हे तुम्ही न बोलता नुसती हनुवटी हलवून दाखवायचात. मग मासा धरायला शिकवलंत. जाळीनं उचलायचं नाही, जाळीनं फक्त टोपल्याकडं वळवायचं, हे मी वाचलं होतं, दहा व्हिडिओत बघितलंही होतं. पण ओला हात पोटाखाली सरकवताना किती दाब द्यायचा ते माझ्या हातावर तुमचा हात आल्यावर कळलं. फौंड्रीत तीस वर्षं साचे भरलेला हात, आणि माशाच्या अंगावरचा चिकट थर जराही निघाला नाही. शोवाच्या कडेला रुतलेला नांगर-किडा चिमट्यानं मुळाशी धरून मी काढला, तेव्हा श्वास तुम्ही रोखून धरला होता!

एक चूक मात्र तुमच्याकडं यायच्या ऐवजी मी पुन्हा मोबाईलला विचारून केली. हिवाळ्यात कोईला खायला घालू नये असं जिकडंतिकडं लिहिलेलं होतं, म्हणून डिसेंबरापासून सहा आठवडे मी तिघांना जवळजवळ उपाशी ठेवलं. पाणी १० अंशांच्या खाली जातं तिथं ते खरंच आहे, निगातात तर माणसाएवढा बर्फ पडतो. माझ्या हौदातलं पाणी १९ च्या खाली उतरलंच नव्हतं. मासे भुकेनं माझ्या सावलीमागं फिरत होते आणि मी तारीख बघत होते. "पाण्यात काचेची कांडी घालून बघ, कॅलेंडर काय बघत्यास," म्हणालात. कार्पला जठरच नसतं, त्यामुळं त्याला एकदम पोटभर घालून चालत नाही, दिवसातून चार वेळा चिमूट-चिमूट घालावं, हेही तेव्हाच ठरवून दिलंत.

आता ऑगस्ट २०१९. त्याबद्दल लिहिताना अजूनही थांबावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती. उपसा केंद्रं पाण्यात गेल्यामुळं शहराला नळाचं पाणी नव्हतं. आमच्या गल्लीत पाणी शिरलं नाही, पण वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही सांगितलंत, खाद्य एकदम बंद कर, म्हणजे अमोनिया कमी होईल. बादलीनं पाणी काढून डोक्याएवढ्या उंचीवरून परत ओत, दर अर्ध्या तासाला पन्नास वेळा, आणि पहाटे तीन ते सहा अजिबात खंड पडू देऊ नको. फिल्टरमधला स्पंज काढून हौदातच सोड, नाहीतर बंद पिंपात प्राणवायूवाचून तो मरेल. हे शेवटचं मला कुठंही वाचायला मिळालं नसतं. आई, मी आणि गल्लीतली चार पोरं, आळीपाळीनं तीन दिवस आम्ही पाणी ओतत होतो.

पाचव्या दिवशी मला कळलं की तुम्ही ते सगळं तुमच्या मेहुण्यांच्या घरून बोलत होता. जयंती नाल्याच्या अंगाला असलेल्या तुमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, आणि तुमचे अकराही मासे, ती सोळा वर्षांची कोहाकू मादीसुद्धा, पुराबरोबर गेले होते. फोनवर तुम्ही त्यातला एक शब्द काढला नव्हता. "तुझी तिन्ही हायती न्हवं?" एवढंच रोज विचारायचात.

याचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे हे मला खरंच सुचत नाही.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत तुमचा हौद पुन्हा उभा राहिला, या वेळी जोतं चार फूट उचलून. त्यात पहिली पिल्लं यायच्या आधी मी माझ्या फिल्टरमधला स्पंज बादलीत घालून रिक्षानं तुमच्याकडं आणला. मुळात तो तुमचाच. तुम्ही तो हातात घेऊन वास घेतलात आणि "पिकलाय चांगला" म्हणालात. त्या दोन शब्दांचा आनंद मला पगारवाढीनंही कधी झालेला नाही.

आणखी एका गोष्टीसाठी ऋणी आहे. दर जुलैत तुमचे मासे मलूल व्हायचे, तुम्ही त्याला नव्या पाण्याची बाधा म्हणायचात. मी किट आणून तपासलं, तर पाण्याचा केएच, म्हणजे पीएच सावरून धरणारी क्षारता, जवळजवळ शून्यावर आली होती. पावसाच्या पाण्यात ती नसतेच, आणि अमोनिया पचवणारे जिवाणूही तीच वापरत असतात. ती संपली की पीएच एका रात्रीत कोसळतो. हजार लिटरला ३० ग्रॅम खायचा सोडा घातला की केएच साधारण एक अंशानं वाढतो, हे मी वाचून तुम्हाला सांगितलं. बाईमाणसानं, तेही मोबाईलवर वाचून, आपल्याला शिकवावं याचं तुमच्या वयाच्या किती जणांना वाईट वाटलं असतं. तुम्ही नातवाला हाक मारून तुमच्या रजिस्टरात लिहायला लावलंत, आणि खाली माझं नाव घालायला सांगितलंत. त्या पानाचा फोटो माझ्याकडं आहे.

आई रोज सकाळी कठड्यावर बसून चहा पिते. थोरली कोहाकू आता तिच्या हातून खाते.

तुमच्या धाकट्या शोवाच्या शेपटीत लाल रेघा दिसतात असं परवा नातू म्हणाला. रविवारी सहाच्या आत येते. किट आणि मीठ माझ्याकडं आहे. तोवर पाण्यात काही घालू नका, आणि गुडघा दुखतोय तर एकट्यानं हौदात उतरू नका.

तुमची,
मंगळवार पेठेतली हौदवाली