"हा हात माझा नाही" म्हणणाऱ्याला आधी कधीपासून ते विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

ठाण्यात मेंटल हॉस्पिटल १९०१ पासून आहे, त्यामुळे कुणी जरा वेगळं बोललं की लोक सरळ "ठाण्याला टाका" म्हणतात, आम्ही ठाणेकर ते ऐकून ऐकून कंटाळलो. पण हीच सवय कॅज्युअल्टीत पण दिसते हे जास्त वाईट. आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजींना दुपारी जेवता जेवता स्वतःचा डावा हात दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायला लागला, "हिला उठव इथून" म्हणत होत्या, प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये वयाचा भ्रम म्हणून झोपेची गोळी दिली आणि संध्याकाळी सीटी केला तर मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक! रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, ती वेळ गेलीच.

दुसऱ्या टाइपचे पेशंट याच्या अगदी उलट. पाय माझाच आहे, धडधाकट आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं, भ्रम वगैरे काही नाही, तरी लहानपणापासून तो नकोसा वाटतो. बॉडी इंटेग्रिटी डिस्फोरिया म्हणतात, डब्ल्यूएचओच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत आहे. स्कॉटलंडला एका सर्जनने नव्वदच्या दशकाच्या शेवटी अशा दोघांचे चांगले पाय कापले होते, त्यावर मोठा गदारोळ झाला. आपल्याकडे हे पेशंट लाजेने बोलतच नाहीत, काही जण पायाला स्वतःच इजा करून घेतात आणि अपघात झाला म्हणून सांगतात, मग टाके घालून घरी! खरा धोका तर घरी गेल्यावर, परत तेच करण्याचा.

तिसरं म्हणजे सायकोसिस, म्हणजे खरं-खोटं याचं भान सुटणं, "कुणीतरी माझा हात बदललाय" वगैरे. त्याला वेगळी ट्रीटमेंट.

म्हणून आधी विचारायचं की हे आजच अचानक सुरू झालं की वर्षानुवर्षं आहे. अचानक असेल तर आधी सीटी, सायकियाट्रिस्ट नंतर. जुनं असेल तर पेशंटला एकटं सोडायचं नाही, आणि हसायचं तर अजिबात नाही (वॉर्डबॉयपासून सगळ्यांना सांगा). २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टच्या कलम ९४ प्रमाणे जिवाला धोका असेल तर कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर जास्तीत जास्त ७२ तास इमर्जन्सी उपचार देऊ शकतो, त्यामुळे "आमच्याकडे सायकियाट्री नाही" म्हणून रात्री दोन वाजता पेशंट रिक्षात घालून पाठवायचं काही कारण नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, तो तरी लावा.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेने आपापल्या हॉस्पिटलांत रात्री ऑन-कॉल सायकियाट्रिस्ट कोण आहे ते कॅज्युअल्टीच्या दारावर रोज लिहावं एवढीच मागणी.

– एक वाचक, कळवा