माथेरानच्या राणीला मुखवटा नको, वाफ हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नेरळ-माथेरान गाडीच्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचे रूप देण्यात आले, त्याचे कौतुक झाले आणि अजूनही अधूनमधून होते. वर खोटे धुराडे, जुन्या इंजिनासारखी ठेवण, आत मात्र डिझेलची घरघर. पर्यटक खूश, फोटो काढणारे खूश. ‘कुणाच्या आनंदावर विरजण घालण्याचा हेतू नाही’ असे लिहिण्याची एक पद्धत आहे. मी ती पाळत नाही. मला हा प्रकार पटत नाही आणि का पटत नाही हे सांगायलाच पत्र लिहितो आहे.

गुजरातेत एकतानगर-अहमदाबाद मार्गावर २०२३ साली अशीच एक गाडी सुरू झाली. बाहेरून वाफेचा थाट, ओढणारी वीज. तिथे ते एक वेळ चालून जाईल, कारण एकतानगरचे स्थानकच २०२१चे. नव्या जागी हौसेने जुना देखावा उभा केला, विषय संपला. नेरळचे तसे नाही. याच मार्गासाठी घडवलेली, याच वळणांवर जवळजवळ पाऊणशे वर्षे राबलेली इंजिने आपल्याकडे होती. त्यांतली काही अजून आहेत, रंग लावून शोभेला उभी. अस्सल दागिना कपाटात ठेवून लग्नात बेगडी घालून मिरवावे, त्यातली ही गत.

थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण रोज नेरळवरून लोकलने जाणाऱ्यांनाही तो ठाऊक नसतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानच्या डोंगरावर चढले आणि साहेबांना उन्हाळ्यासाठी जागा सापडली. पुढची पन्नासेक वर्षे वर जायचे तर पायी, घोड्यावर नाहीतर डोलीतून. रेल्वे बांधली ती सरकारने नव्हे. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात काम तडीस नेले. खर्च सोळा लाख रुपये, त्या काळचे. रुळांमधले अंतर दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेले की एक फूट वर. एवढ्या चढावर दार्जिलिंगला गाडी पुढे-मागे करत झिगझॅग चढवावी लागते. इथे घोड्याच्या नालासारखी वळणे देऊन ती कटकट टाळली.

पण चढ आणि वळण एकत्र आले की इंजिन बनवणाऱ्याची पंचाईत होते. चढासाठी जोर हवा, म्हणजे तीनही जोड्यांची चाके दांड्यांनी एकमेकांना जोडलेली हवीत. आणि वळणासाठी तीच चाके थोडी सैल, इकडेतिकडे सरकणारी हवीत. एकमेकांना जोडलेली चाके ताठ राहिली तर वळणावर रूळ घासतात, प्रसंगी चढून बाहेर पडतात. यावरचा तोडगा ‘क्लीन-लिंडनर’ नावाच्या जर्मन पद्धतीत होता. पुढचा आणि मागचा आस, म्हणजे चाकांच्या जोडीमधला दांडा, दुहेरी. आत एक भरीव दांडा, तो सांगाड्यात जागच्या जागी फिरणारा, इकडेतिकडे न सरकणारा. बाहेरच्या दांड्या त्यालाच फिरवतात. त्याच्यावर एक पोकळ नळकांडे आणि चाके त्या नळकांड्यावर. दोघांचा सांधा मधोमध एका गोळ्यावर, खांद्याच्या सांध्यासारखा. त्यामुळे फिरण्याची ताकद चाकांना पुरी मिळते, आणि वळण आले की नळकांडे चाकांसकट किंचित तिरके होऊन वाट धरते. ही इंजिने बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीत घडली आणि त्यांच्या रचनेमागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे इंग्रज इंजिनिअर होते. आमच्या सोलापूरकर मित्रांना हे नाव नवे नाही. बार्शी लाइट रेल्वे त्यांचीच, १८९७ची.

क्रमांक ७३८ ते ७४१ अशी ती चार इंजिने. १९५०च्या दशकात पश्चिम जर्मनीहून युंग कंपनीची डिझेल इंजिने आली, तरी वाफेची आणखी बरीच वर्षे धावत होती. मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला त्याच सुमारास त्यांचा जाळ कायमचा विझला. आज त्यांतले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ७४० क्रमांकाचे थेट इंग्लंडात, लेटन बझर्ड या गावच्या छोट्या रेल्वेकडे गेले. ती रेल्वे १९१९ साली वाळूच्या खाणींसाठी टाकलेली, तिचेही रूळ दोन फुटी, आणि ती चालवतात कोण, तर हौशी स्वयंसेवक. आपल्या डोंगरावरचे इंजिन त्यांना जपावेसे वाटते, याचा मला आनंदही होतो आणि थोडी लाजही वाटते.

माझा याच्याशी संबंध एवढाच की उमेदीची वर्षे मी मुंबईतल्या एका गिरणीत बॉयलरवर काढली. रेल्वेत कधी नव्हतो. पण बॉयलर गिरणीतला असो की इंजिनातला, त्याचा स्वभाव एकच. त्याला घाई खपत नाही. थंड बॉयलर हळूहळू तापवावा लागतो, नाहीतर पत्रा आणि नळ्या वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि सांधे गळू लागतात. लहान इंजिनालाही वाफ धरायला काही तास जातात. म्हणजे सकाळच्या गाडीसाठी कुणीतरी पहाटे उठून जाळ घालायचा. पाणी जड असेल तर आत खपली धरते, ती ठरल्या दिवशी प्लग, म्हणजे बॉयलरची बुचे, काढून धुऊन टाकायची. आणि डोळा सतत गेज ग्लासवर, म्हणजे पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर.

घाटात तर ही नळी वाचणे हीच विद्या. वीसास एकच्या चढावर दोन मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये एका टोकाशी पाणी दुसऱ्या टोकापेक्षा दहा सेंटिमीटर खोल असते. भट्टीच्या माथ्यावरचा पत्रा कायम पाण्याखाली राहिला पाहिजे. तो उघडा पडला तर मिनिटांत लाल होतो, आणि पुढे काय होते ते लिहायला नको. म्हणून घाटातल्या इंजिनाचे धुराडे चढाच्या बाजूला ठेवतात, पाणी आपोआप मागे भट्टीवर येते. सपाटीवर आल्यावर तेच पाणी पुढे पळते आणि काचेतली पातळी एकदम खाली दिसते. नवखा फायरमन इथे घाबरतो, जुना आधीच पाणी घेऊन ठेवतो. हे पुस्तकातून कळते, पण हाताला कळायला शेजारी उस्ताद लागतो.

मुखवट्याबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. खोट्या धुराड्याला फायरमन लागत नाही. त्याला खलाशी, म्हणजे शेडमधला मदतनीस, नको, बॉयलर धुणारा नको, नळ्या बसवणारा फिटर नको. देखावा राहतो आणि हुन्नर मरतो. १९८०च्या सुमारास पंचविशीत असलेला फायरमन आज सत्तरीत आहे. नेरळ, कर्जत, कल्याण या पट्ट्यात अशी माणसे अजून असतील. आणखी दहा वर्षांनी त्यांना विचारायचे म्हटले तरी विचारता येणार नाही.

‘आता हे कुठे जमणार’ असे म्हणणाऱ्यांनी जरा दार्जिलिंगकडे पाहावे. तिथल्या ‘बी’ वर्गाच्या इंजिनांची घडण १८८९ सालापासूनची. दार्जिलिंग ते घूम ही पर्यटकांची फेरी ती आजही ओढतात. रूळही आपल्यासारखेच दोन फुटी, आणि दुरुस्तीला तिनधारियाचा कारखाना. निलगिरीला तर आणखी पुढची मजल. कल्लार ते कुन्नूर या दातेरी रुळाच्या टप्प्यासाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने वाफेची नवी इंजिने घडवली. नवी! म्हणजे भारतीय रेल्वेला बॉयलर बांधता येतो, चालवताही येतो. दार्जिलिंगचे ७९४ क्रमांकाचे इंजिन मध्यंतरी नेरळलाही आणले होते. तेव्हा हा विचार रेल्वेला सुचलाच नाही असे नाही. तो नेटाने पुढे नेला नाही, इतकेच. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या तिन्ही गाड्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरान संभाव्य यादीत ताटकळते आहे.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप माथेरानच्या रहिवाशांचा असेल, आणि तो रास्त आहे. २६ जुलै २००५च्या पावसाने हा मार्ग उखडला, तो पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. २०१६ मध्ये डबे घसरले, गाडी बंद. २०१९च्या पावसाळ्याने पुन्हा तडाखा दिला आणि नेरळपासूनची पूर्ण फेरी सुरू झाली ती २०२२च्या ऑक्टोबरात. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान ही शटल चालली म्हणून गावाचे निभावले. मोटारींना बंदी असलेल्या गावात या शटलला गंमत म्हणता येत नाही. त्यातून सामान जाते, शाळकरी मुले जातात, आजारी माणूस जातो. म्हणून वाफेच्या हौसेपायी शटलला धक्का लागता कामा नये, हे मी स्वतःच आधी म्हणतो.

दुसरा आक्षेप धुराचा आणि वणव्याचा. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि मार्च-एप्रिलमध्ये इथले गवत काडेपेटीसारखे असते. कोळशाची ठिणगी उडाली तर भारी पडेल. पण इंजिन तेलावर चालवता येते, धुराड्यात ठिणगी अडवणारी जाळी बसवता येते आणि उन्हाळ्यात ते शेडमध्ये ठेवता येते. पावसाळ्यात पूर्ण फेरी तशीही बंदच असते. उरले दिवाळी ते फेब्रुवारी. तेवढे पुरे.

खर्चाचे म्हणाल, तर खर्च होईलच. बॉयलर नव्याने बांधावा लागेल, कारण इतकी वर्षे उघड्यावर उभ्या असलेल्या जुन्या पत्र्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. पण त्यासाठी चारही इंजिने नकोत, एक पुरे. आणि पूर्ण घाटही नको. नेरळ ते जुम्मापट्टी एवढाच पहिला टप्पा, शनिवार-रविवार, वेगळे आणि चढे तिकीट. शेड नेरळलाच आहे, बिघाड झाला तर इंजिन परत आणणे सोपे आणि वरच्या शटलला त्रास नाही. कधी जमलेच तर वॉटर पाइपपर्यंत न्यावे. नावाप्रमाणे पाणी घ्यायची जागा तीच.

डब्यांबद्दल एक ओळ. काचेच्या छपराचे डबे आले, चांगले झाले, लहान मुलांना दरी दिसते. पण वाफेच्या इंजिनामागे जुन्या धाटणीचे दोन-तीन डबे असावेत आणि त्यांवर हातब्रेक सांभाळणारा ब्रेक पोर्टर उभा असावा. इंजिनाची शिट्टी ऐकून उतारावर एकेका डब्याचा ब्रेक आवळणारी ही माणसे माथेरानच्या गाडीची खासियत होती, आणि त्यांच्याबद्दल स्थानकावर एक फलकसुद्धा नाही.

तोवर बिनखर्चाची दोन कामे लगेच होण्यासारखी आहेत. शोभेला ठेवलेल्या इंजिनांशेजारी मराठीत नीट माहिती लावावी. ‘क्लीन-लिंडनर’चा आस कसा वळतो याचे एक साधे चित्र लावले तरी पोरे तासभर हलणार नाहीत. आणि रेल्वेने किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने जुन्या ड्रायव्हर-फायरमन मंडळींना गाठून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, यंदाच.

मी स्वतः सत्तरी ओलांडली आहे. फावडे आता पेलणार नाही. पण शिकाऊ पोरांना गेज ग्लास वाचायला, प्लग धुवायला आणि घाई न करायला शिकवीन, मानधन नको. शेड माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पहाटेची पाळी असली तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गिरणीतील एक निवृत्त बॉयलर अटेंडंट
नेरळ, जि. रायगड