दमलेल्या पोराला अजून पळवून उपयोग नाही

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

बॉक्सिंगच्या क्लासात नवीन पोराला पहिल्या स्पॅरिंगला (म्हणजे समोर माणूस घेऊन सरावाच्या फाईटला) धाप लागली की त्याला एकच ऐकायला मिळतं, स्टॅमिना नाय तुझ्यात, जा ग्राउंडला चकरा मारून ये. पोरगं पळतं, महिनाभर रोज पळतं, परत रिंगमध्ये उतरतं आणि परत एका मिनिटात तोंड उघडं टाकून उभं राहतं. मग हळूहळू क्लासला यायचंच बंद होतं. मी कॉलेजात असताना युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलोय, आता नोकरी सांभाळून पिंपरीतल्या एका हॉलमध्ये संध्याकाळच्या बॅचला पॅड धरतो, म्हणजे पोरांचे पंच हातातल्या पॅडवर झेलतो, त्यामुळे हे सारखं बघतो. लवलीना बोर्गोहेनचं टोकियो ऑलिम्पिकचं मेडल आणि निखत झरीनचं 2022 आणि 2023 असं लागोपाठ दोनदा वर्ल्ड चॅम्पियन होणं, यानंतर आमच्याकडे पोरींची सुद्धा गर्दी वाढली, तुमच्या पेपरात तशा बातम्या येतात, पण आलेली पोरं जातात कुठे आणि का, हे कुणी लिहीत नाही. फी, दहावी-बारावी, घरच्यांची कटकट ही कारणं आहेतच. माझ्या बघण्यात सगळ्यात मोठं कारण मात्र पहिलं स्पॅरिंग हेच आहे.

आता गंमत बघा. हाच पोरगा बॅगवर तीन-तीन मिनिटांचे पाच-सहा राऊंड आरामात काढतो, स्किपिंग करतो, सकाळी पाच किलोमीटर पळून येतो. मग समोर माणूस आला की मिनिटाच्या आत हात खाली कसे येतात? फुप्फुसं तीच, पाय तेच. फरक एवढाच की बॅग उलटून मारत नाही.

समोरचा मारणार हे कळलं की अंगात अ‍ॅड्रिनलीन सुटतं, घंटा वाजायच्या आधीच छाती धडधडायला लागते, खांदे कानापर्यंत चढतात, ग्लोव्हच्या आत मुठी अशा आवळलेल्या असतात की एकही पंच न मारता हात भरून येतात. आणि या सगळ्याच्या वर श्वास अडकतो. समोरून दोन-तीन पंच एकदम आले की श्वास धरायचा, आपण मारताना परत धरायचा, मग मध्येच एकदम मोठा घोट घ्यायचा, हे पोराला स्वतःला कळत पण नाही. पॅड धरणाऱ्याला मात्र लगेच कळतं कारण प्रत्येक पंचाबरोबर जो नाकातून ‘सूं’ असा आवाज यायला पाहिजे तो येतच नसतो. त्यात परत हुकलेले पंच. लागलेला पंच समोरच्याच्या अंगावर थांबतो, हुकलेला आपल्याच खांद्यानं ओढून थांबवावा लागतो, आणि घाबरलेला माणूस एकतर मारतच नाही नाहीतर डोळे मिटून दहा पंच हवेत सोडतो. झाला राऊंड संपायच्या आधीच रिकामा. ह्याला कितीही पळवा, पळून फिटनेस वाढतो, तो लागतोच, पण अडकलेला श्वास पळून सुटत नाही.

आणि हे फक्त नवशिक्यांचं आहे असं समजू नका. 30 ऑक्टोबर 1974 ला आफ्रिकेतल्या किन्शासामध्ये मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमनची जी फाईट झाली ती बघा. फोरमन 25 वर्षांचा, 40 पैकी 40 जिंकलेला, त्यातल्या 37 नॉकआऊट. अली 32 चा. फोरमन सगळ्या ताकदीनं मारत राहिला, अली दोऱ्यांना टेकून हातांवर आणि पोटावर झेलत राहिला, आणि आठव्या राऊंडला फोरमनच खाली. त्या माणसाचा स्टॅमिना कमी होता म्हणाल का? ताकद कधी आणि किती घालवायची हे बिघडलं की जगातला सगळ्यात तगडा माणूस पण दमतो. (हीच फाईट आधी सप्टेंबरमध्ये ठरली होती, ती पुढे गेली कारण फोरमनच्या डोळ्याजवळ स्पॅरिंगमध्येच चिरलं होतं. म्हणजे स्पॅरिंग काय चीज आहे ते कळेल.)

आता करायचं काय. माझे चुलते कोल्हापूरला तालमीत होते, त्यांच्याकडून ऐकलंय की नवीन पोराची जोड मोठ्या पैलवानाशी लावली तर वस्ताद बाजूला उभा राहायचा आणि मोठा पैलवान पोराला डाव बसवू द्यायचा, चुकलं की तिथंच हात धरून दाखवायचा. पहिल्या दिवशी चितपट करून कुणी वस्तादाची शाबासकी मिळवली नाही. आमच्याकडे बऱ्याच हॉलमध्ये उलटं चालतं. शनिवार आला की हेडगार्ड चढवा, जो मोकळा असेल त्याच्यासमोर उभे राहा, घंटा, आणि मग होऊ दे. सिनियर पोरगा दोन वर्ष जुना, समोर दीड महिन्याचा, आणि आजूबाजूचे ओरडतायत मार मार. यातून टिकणारे टिकतात, ते मग म्हणतात की आम्ही पण असेच शिकलो. जे टिकले नाहीत ते हे सांगायला हॉलमध्ये उरलेलेच नसतात ना.

आमच्या बॅचला बारावीची एक मुलगी आहे, नाव नाही सांगत. पळण्यात सगळ्यांच्या पुढे, आणि स्पॅरिंगला अर्ध्या राऊंडमध्ये डोळ्यांत पाणी. आमच्या सरांनी तिचं फुल स्पॅरिंग बंदच केलं. समोरची मुलगी फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) मारणार, तो पण हळू, आणि हिनं काहीच मारायचं नाही, फक्त बघायचं, हातानं बाजूला करायचं, पाय हलवायचे आणि श्वास सोडत राहायचं. मग उलटं, ही जॅब मारणार आणि ती अडवणार. नंतर दोघींना जॅब. मग फक्त अंगावर, डोक्याला हात नाही. क्रॉस आणि हुक हे जोराचे पंच बऱ्याच दिवसांनी आले. बघायला बोअर वाटतं, तिच्या वडिलांनी पण विचारलं की हे काय लहान पोरांसारखं चाललंय. पण आता ती तीन राऊंड काढते, आणि दमते सुद्धा, फक्त दमल्यावर गडबडत नाही.

यात जादू काय नाय. पंच येताना दिसायला लागला की भीती कमी होते, आणि पंच दिसायला लागतो तो हळू आला तरच. आधी हळू, मग मध्यम, मग कधीतरी जोरात. मॅचमध्ये वजनाप्रमाणे 10 किंवा 12 औंसचे ग्लोव्ह असतात, स्पॅरिंगला मोठ्यांनी 16 औंसचे घालावेत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी फाटक्या जुन्या ग्लोव्हवर चालतं. घंटेच्या आधी कोचनं मोठ्यानं सांगावं की आज अर्धी ताकद, आणि ज्यानं जास्त मारलं त्याला बाहेर काढावं, मग तो कितीही चॅम्पियन असो.

दोन राऊंडच्या मधल्या एका मिनिटाचं पण कुणी शिकवत नाही. राऊंड संपला की पोरं वाकून गुडघ्यावर हात ठेवून हाश्श हाश्श करतात, कोच कानात पाच सूचना ओरडतो, त्यातली एकही आत जात नाही. त्यापेक्षा पहिली वीस-तीस सेकंद गप्प राहा. खांदे खाली सोड, मुठी सैल सोड, श्वास सोडताना घेतल्यापेक्षा जास्त वेळ सोड, ठोके आपोआप जरा उतरतात. मग एकच गोष्ट सांगा. दोन नाही, एकच. हेच राऊंडच्या आत पण करता येतं, पंच मारून बाजूला सरकलं की लांबच लांब श्वास सोडायचा. शॅडो, म्हणजे एकट्यानं हवेत पंच मारायचा सराव, करताना रोज हा श्वास सोडायचा आवाज काढायची सवय लावली तर स्पॅरिंगला वेगळं आठवावं लागत नाही. बाकी झोप, पाणी, दुपारी नीट जेवण, हे काय मी सांगायला नको, पण वजन उतरवायला दिवसभर पाणी तोडून संध्याकाळी स्पॅरिंगला उभी राहणारी पोरं मी बघितलीत, ते दमणार नाहीत तर काय होणार.

भीती पूर्ण जाते असं मी कुणाला सांगत नाही, जात नाही. बाऊटच्या आधी बाथरूमला सगळ्यात जास्त चकरा जुन्या खेळलेल्या पोरांच्याच असतात. त्यांना फक्त माहीत असतं की पोटातला गोळा पहिल्या दोन-तीन जॅबनंतर उतरतो. नवीन पोराला वाटतं आपणच एकटे घाबरट.

अजून एक गोष्ट आहे आणि ती पालकांनी वाचावी. हेडगार्डनं कापाकापी वाचते, मेंदूचं हलणं थांबत नाही, 2016 च्या रिओ ऑलिम्पिकला पुरुष तर हेडगार्डशिवायच खेळले. डोक्याला लागून पोराला डोकेदुखी, उलटी, चक्कर, किंवा आत्ता काय झालं ते आठवत नाही असं झालं तर त्या दिवशीचं स्पॅरिंग संपलं, डॉक्टर दाखवायचा, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत परत नाही. ‘सहन कर’ हे मनगट दुखण्याला ठीक आहे, डोक्याला नाही. अली प्रॅक्टिसमध्ये मुद्दाम मार खायचा, त्यातून किन्शासा जिंकला, आणि 1984 ला त्याला पार्किन्सनचं निदान झालं, इतक्या वर्षांच्या माराचा त्यात हात होता असं मानणारे खूप आहेत. आणि कृपा करून रिंगच्या बाजूला उभं राहून रील काढू नका हो. मोबाईल दिसला की पोरं जोरात मारायला लागतात, रोजचं बघतोय.

माझी तुमच्याकडे मागणी अशी की क्रीडा पानावर पदकांबरोबर यावर पण एखादा लेख करा. आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आपल्या पुण्यातच आहे, तिथले कोच नवीन मुलांना स्पॅरिंगला कधी आणि कसं उतरवतात हे तुमच्या वार्ताहराने जाऊन विचारावं, एखाद्या स्पोर्ट्स डॉक्टरलाही विचारावं, आणि छापावं. आमच्यासारख्या पॅडवाल्यानं सांगितलं तर कोण ऐकत नाही, पेपरात आलं तर हॉलच्या नोटीस बोर्डावर मी स्वतः चिकटवतो.

आपला,
एक वाचक, पिंपरी