दोन सेकंद गप्प राहिलं तरी पुरे असतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात माझे मिस्टर गेले. 17 दिवस धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये होते, बाहेर 45 डिग्री ऊन आणि आत एसीत आम्ही शाल पांघरून बसलेलो. दुखणं सांगायला हे पत्र नाही, प्रत्येकाच्या घरी काही ना काही असतंच. पण त्या दिवसांत आणि नंतरही माणसं, बँका, कंपन्या माझ्याशी जे गोड गोड बोलल्या त्याबद्दल मला लिहायचंच होतं, सहा महिने डोक्यात फिरून राहिलं आहे, दिवाळी झाली, आता लिहूनच टाकते.

गंगाबाई घाटावरून सगळे परत आले, संध्याकाळ झाली, हॉलमध्ये जमिनीवर दिवा लावला होता, खाली पसरलेल्या पिठावर टोपली झाकायची की परात यावर दोघी बायका हळू आवाजात बोलत होत्या आणि माझ्या मांडीवरचा फोन वाजला. हॉस्पिटलचा मेसेज. आमच्याकडे उपचार घेतल्याबद्दल धन्यवाद, आपण लवकर बरे व्हा ही सदिच्छा, आपला अनुभव कसा होता ते स्टार देऊन सांगा. मी तो तीनदा वाचला. राग नाही आला तेव्हा, हे नेमकं कोणाला लिहिलंय तेच समजेना. सकाळी त्यांच्याच काउंटरवरून मृत्यूचा कागद घेतला होता, म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरला माहीत होतं, पण मेसेज पाठवणाऱ्या कॉम्प्युटरला कोणी सांगितलंच नव्हतं.

आठव्या दिवशी एका बँकेचा फोन आला, कार्डासाठी. मुलगी एकदम उत्साहात, "नमस्कार मॅडम, सरांशी बोलायचं होतं, कसे आहेत सर?" मी म्हटलं, ते वारले, आठ दिवस झाले. आणि ती पोरगी गप्प झाली. मागून बाकीच्या मुलींचे आवाज येत होते, कोणीतरी लोनचं बोलत होतं, हिचा मात्र फक्त श्वास ऐकू येत होता, दोन सेकंद असतील, जास्त नाही. मग अगदी बारीक आवाजात "सॉरी मॅडम" म्हणाली. मला भरून आलं, खरं सांगते, इतक्या लोकांत त्या अनोळखी पोरीचं गप्प राहणं माझ्या मनाला भिडलं, वाटलं हिला समजलं. आणि लगेच तिचा आवाज बदलला, पाठ केल्यासारखं, "आणखी काही मदत करू शकते का? आमच्याशी बोलल्याबद्दल धन्यवाद, आपला दिवस शुभ असो." सगळं धुऊन गेलं.

तिला मी दोष देत नाही हे ठळक लिहा. माझ्या मुलीची मैत्रीण अशा कॉल सेंटरमध्ये होती, ती सांगते की कॉल रेकॉर्ड होतात, सुरुवातीचं नमस्कार आणि शेवटचं वाक्य राहिलं तर मार्क कापतात. म्हणजे त्या पोरीनं माणुसकीनं फोन ठेवला असता तर तिचं नुकसान होतं. माझी मुलगी समाजशास्त्र शिकली आहे, ती म्हणाली आई हे जुनंच आहे, आर्ली हॉकशील्ड म्हणून अमेरिकेतल्या प्राध्यापक बाई आहेत, त्यांनी एअर होस्टेसचं काम जवळून पाहून 1983 सालीच लिहून ठेवलंय की चेहऱ्यावरचं हसू आणि आवाजातली आपुलकी हीसुद्धा कामात धरली जाते, त्याचाच पगार असतो. असेल. पण पगार देणाऱ्यानं कधी हसायचं नाही हेही शिकवायला पाहिजे की नाही?

आता कोणी म्हणेल, काकू तुम्हाला कोणी विचारलेलंच नको वाटते. तसं बिलकुल नाही. हॉस्पिटलसमोर एक तर्री पोहेवाला उभा राहायचा, रोज सकाळी मी खाली चहाला गेली की विचारायचा, "ताई, खाल्लं काही?" आता हाही रोजचाच प्रश्न आहे, जेवल्या का, झालं का जेवण, आपल्याकडे निम्मी बातचीत यावरच सुरू होते आणि उत्तराची कोणाला पडलेली नसते. पण हा माणूस विचारून थांबायचा. हातातला झारा तसाच धरून माझ्याकडे पाहायचा. एक दिवस मी काहीच बोलली नाही तर त्यानं अर्धी प्लेट भरली, तर्री कमी टाकली, वरून चिवडा नाही, लिंबू नाही, नुसतं हातात देऊन म्हणाला, "पैसे मंग देजा." त्या 17 दिवसांत मी पोटभर खाल्लं असेल तर तेवढंच.

मुलगी म्हणते की मॅलिनोव्हस्की नावाच्या अभ्यासकानं 1923 मध्ये अशा बोलण्याला वेगळं नावच दिलं होतं, की यात शब्दांच्या अर्थाला महत्त्व नसतं, माणसं एकमेकांशी जोडलेली राहावी एवढ्यासाठी ते बोलणं असतं. मला ते पटलं. म्हणून तर "खाल्लं काही" चालतं आणि स्टार द्या चालत नाही, पहिल्यात समोर एक माणूस उभा आहे, दुसऱ्यात कोणीच नाही, मग जोडायचं कोणाला?

आणि वेळकाळाचं म्हणाल तर आपल्या लोकांना हे सगळं कधीचं समजत होतं हो. एरवी कोणाच्या घरून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे लहानपणी मार खाऊन शिकलो आपण. पण मयतीच्या घरून निघताना येतो म्हणत नाहीत. गुपचूप उठायचं, चपला घालायच्या आणि निघायचं. सुतकात नमस्कारसुद्धा करत नाहीत. कोणी हे नियम लिहून दिले मला माहीत नाही, पण ज्यांनी केले त्यांना हे नक्की कळलं होतं की चांगल्यातला चांगला शब्दही एखाद्या दारात बोलायचा नसतो. शेजारच्या आजी रोज दुपारी येऊन बसायच्या, खांद्यावर हात ठेवायच्या आणि न बोलता जायच्या. वरच्या मजल्यावरचा पोरगा मात्र एकदा सवयीनं "चला काकू, येतो" बोलून गेला आणि जीभ चावून दारातच उभा राहिला, चेहरा एवढासा. मला जरापण वाईट वाटलं नाही. तो पोरगा 13 दिवस रोज सकाळी न सांगता दुधाच्या पिशव्या आणून ठेवत होता, त्याच्या तोंडून काहीही निघालं तरी मला चाललं असतं. जी माणसं चालू गाडीवरून "काय मग, सावरल्या ना?" विचारून उत्तर यायच्या आत गिअर टाकतात त्यांचं मात्र लागतं, त्यापेक्षा नुसती मान हलवून गेले असते तरी बरं होतं.

आपण नागपूरचे लोक तर मोकळं बोलणारे. आमच्या भागातून मारबतीची, म्हणजे रोगराई पळवायला काढतात त्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक जाते, काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते म्हणतात, रोगराई घेऊन जा गे मारबत असं भर रस्त्यात ओरडणारं हे गाव आहे, दुखणं लपवून गोड हसायची सवय आपली नाहीच. मग ही पाठ केलेली वाक्यं आपण का ऐकून घेतो, काहून कोणी बोलत नाही?

मला दोनच गोष्टी मागायच्या आहेत. हॉस्पिटल, बँक, विमा, मोबाईलवाले यांनी आपल्या काउंटरवरच्या आणि फोनवरच्या पोरापोरींना एवढी सूट द्यावी की समोरचा मयतीचं बोलला तर शेवटचं वाक्य सोडायचं, गप्प राहिलं तर मार्क कापायचे नाहीत. आणि डेथ सर्टिफिकेट जमा झालं की त्या माणसाच्या नावाचे धन्यवाद, शुभेच्छा, ऑफर सगळं बंद व्हावं. ऑगस्टमध्ये त्यांचा वाढदिवस होता, फोन मी चालूच ठेवला आहे, सकाळी सातला त्याच बँकेचा मेसेज आला, आपणास दीर्घायुष्य लाभो. सर्टिफिकेट जूनमध्ये दिलेलं, पोच माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन मी अर्ज मागितला, मेसेज बंद करण्याचा. त्यात कारणांचे चौकोन होते, नंबर बदलला, खाते बंद, ऑफर नको, अजून काय काय. माझं कारण कुठंच नव्हतं, तर खाली मोकळ्या जागेत मी हातानं लिहून दिलं.

आपली वाचक,
महाल, नागपूर