नव्या शिक्षकाला वर्गातली सोबत हवी

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाची बातमी आपल्या अंकात वाचली. प्रशिक्षण हवेच, पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सुचवलेले वर्षाचे ५० तास केवळ सभागृहात बसून भरू नयेत. काटोल तालुक्यातील द्विशिक्षकी शाळेत मी लागले तेव्हा पहिली-दुसरीची मुले एकाच खोलीत बसत. एका इयत्तेला लिहायला लावून दुसरीचे वाचन कसे घ्यायचे, हे शेजारच्या वर्गातील ज्येष्ठ बाईंनी खडूने फळ्याचे दोन भाग करून दाखवले. डी.एड.ला ते कुणी शिकवले नव्हते! शिक्षणसेवकाचा, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या नव्या शिक्षकाचा, कालावधी ३ वर्षांचा असतो. निदान पहिल्या वर्षी प्रत्येकाला केंद्रातील (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील) एक अनुभवी शिक्षक नेमून द्यावा आणि त्या शिक्षकाला महिन्यातून दोन दिवस इतर कामांतून मोकळे ठेवावे.

– एक निवृत्त शिक्षिका, नागपूर