बदकाला साबण लावू नका

महोदय,

‘बदकाच्या पिसांवर तेल असते म्हणून ते भिजत नाही’ हे वाक्य आपल्याला शाळेपासून पाठ असते. ते अर्धेच खरे आहे आणि उरलेले अर्धे ठाऊक नसल्याने पक्ष्यांचे हाल होतात.

पाणी अडवते ती मुख्यतः पिसाची वीण. मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू, तंतूंना उपतंतू आणि उपतंतू एकमेकांत गुंतवणारे सूक्ष्म आकडे. या जाळीत हवा कोंडते आणि थेंब वरच्या वर ओघळतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतला मेणचट स्राव पिसे लवचिक ठेवतो. पण वीणच उसवली तर त्याचा काय उपयोग? गळलेले पीस उलटे ओढून पाहा, फट पडते. टोकाकडे चिमूट फिरवली की चेनसारखी मिटते. पक्षी चोचीने दिवसभर हेच करत असतो.

म्हणूनच तेलाने माखलेला पक्षी घरी साबणाने धुऊन लगेच पाण्यात सोडणे घातक. पिसांत उरलेला साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, पाणी आत शिरते, हवा निघून जाते आणि पक्षी गारठतो. जाणकार 40 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात सौम्य डिटर्जंट वापरतात आणि धुण्याइतकेच कष्ट खळबळण्यावर घेतात, पिसांवरून पाण्याचे मणी घरंगळेपर्यंत. मग उबदार हवेत सुकवून, पक्ष्याने स्वतः पिसे नीट लावल्यावरच सोडतात. वरून तेल चोळणे तर नकोच, पिसे चिकटतात. (पाणकावळ्याची बाहेरची पिसे मात्र भिजणारीच असतात, त्यामुळे बुडी सोपी जाते. तो पंख पसरून बसला म्हणून आजारी समजून उचलू नये.)

केसाळ प्राण्यांचेही गणित हवेचेच. समुद्री पाणमांजराला चरबीचा जाड थर नसतो. दाट भागात चौरस सेंटीमीटरला लाखाहून अधिक केस आणि त्यांत कोंडलेली हवा, एवढ्यावर ते थंड समुद्रात तगते. 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडले, तेव्हा ही लव चिकटून कित्येक पाणमांजरे गारठली.

कुत्रा सेकंदाला चार-पाच हेलकाव्यांनी अंग झाडतो. सैल कातडी कण्यापेक्षा जास्त फिरते, त्यामुळे बरेचसे पाणी काही सेकंदांत उडते. घट्ट रेनकोटात हे जमत नाही, काखेत ओल राहून त्वचा चिघळते. झाडून झाल्यावर टॉवेल खसाखसा घासू नये, लवेच्या गुठळ्या होतात, दाबून टिपावे.

आपला,
एक वाचक